अहवालात पुरुष, आयुष्यभर स्त्री

नाशिक ग्रामीण पोलीस दलाच्या २०१८च्या भरतीत एका तरुणीने महिला उमेदवार म्हणून अर्ज भरला. लेखी परीक्षा झाली, मैदानी चाचणी झाली, दोन्हींत ती उत्तीर्ण झाली. मग वैद्यकीय तपासणी आली. तिच्या पोटात गर्भाशय आणि बीजांडकोश दिसले नाहीत, म्हणून गुणसूत्रांची तपासणी झाली आणि त्या अहवालात ती ‘पुरुष’ ठरली. नोकरी तिथेच अडली. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेली आणि सगळ्या कागदपत्रांवर मुलगीच असलेली ही तरुणी मुंबई उच्च न्यायालयात गेली. आपल्या शरीरात असं काही आहे याची तिला तोवर कल्पनाही नव्हती. मे २०२२ मध्ये राज्य सरकारने तिला शिपाईपदाऐवजी पोलीस खात्यातलंच दुसरं काम देण्याची तयारी दाखवली आणि न्यायालयाने तिच्या नियुक्तीचा मार्ग मोकळा केला.

या प्रकरणात प्रयोगशाळेचा अहवाल खोटा नव्हता आणि तीही खोटं बोलत नव्हती. मग दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात?

या तरुणीच्या शरीरात नेमकं काय घडलं, याची चिकित्सा आपण करायची नाही. तो तिचा खासगी प्रश्न आहे. पण असं घडू कसं शकतं, हे मात्र समजून घ्यायला हवं. कारण ज्यांचं शरीर स्त्री आणि पुरुष या दोन ठरलेल्या साच्यांपैकी एकातही पूर्ण बसत नाही, अशी माणसं जगात सगळीकडे जन्मतात. त्यांना इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतात. त्यांच्या वाट्याला येणारा त्रास बहुतेकदा शरीरापेक्षा आपल्या अज्ञानातून आणि घाईतून आलेला असतो.

पहिले सहा आठवडे

शाळेत आपण शिकलो, एक्सएक्स म्हणजे मुलगी आणि एक्सवाय म्हणजे मुलगा. परीक्षेच्या पेपरात या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. शरीरात मात्र गुणसूत्रं ही फक्त सुरुवात असते.

साधारण सहा आठवड्यांपर्यंत सगळ्या गर्भांची रचना सारखीच असते. पोटात दोन इवल्या ग्रंथी असतात. त्यांचे वृषण होणार की बीजांडकोश, हे अजून ठरलेलं नसतं. त्यांच्या शेजारी नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एका जोडीतून पुढे गर्भाशय आणि बीजवाहिन्या तयार होऊ शकतात, दुसरीतून शुक्रवाहिन्या. बाहेरच्या बाजूला एक छोटा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही अंगांना घड्या असतात. उंचवट्याचं शिश्न होऊ शकतं किंवा शिश्निका. घड्या मधोमध जुळल्या तर वृषणाची पिशवी होते, सुट्या राहिल्या तर योनीचे ओठ. म्हणजे कच्चा माल सगळ्यांकडे एकच, आणि दोन्ही प्रकारचा.

इथून पुढे काय होतं, ते पाटाच्या पाण्यावरून चांगलं कळतं. धरणातून पाणी सुटतं, पाटाने चारीला येतं, चारीतून शेताला येतं, आणि शेवटी दारं धरणारा माणूस कुदळीने माती ओढून एकेका वाफ्यात पाणी घेतो. धरणातून पाणी सुटलं म्हणून वाफा भिजेलच असं नाही. मधलं प्रत्येक दार उघडावं लागतं. पुरुष शरीर घडण्याच्या वाटेवर अशी चार मोठी दारं आहेत.

पहिलं दार वाय गुणसूत्रावरच्या एका जनुकाचं. त्याचं नाव एसआरवाय. लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी ते १९९० मध्ये शोधलं. हे जनुक जागं झालं की त्या इवल्या ग्रंथी वृषण होऊ लागतात.

दुसरं दार वृषणांचं. ते दोन रासायनिक निरोप सोडतात. ‘एएमएच’ हे संप्रेरक गर्भाशयाच्या नळ्यांना सुकायला सांगतं. टेस्टोस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक शुक्रवाहिन्यांच्या नळ्या टिकवून धरतं. संप्रेरक म्हणजे एका अवयवाने रक्तातून दुसऱ्या अवयवाला धाडलेलं रसायन. रोजच्या भाषेत हार्मोन.

तिसरं दार एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं. हा विकर टेस्टोस्टेरॉनला डीएचटी नावाच्या अधिक जोरकस रूपात बदलतो. बाहेरचे अवयव पुरुषी होण्यासाठी हा जोर लागतो.

चौथं दार प्रत्येक पेशीत असतं. त्याला ग्राही म्हणतात. संप्रेरक पेशीपाशी पोचलं तरी ग्राहीने ते ओळखलं आणि धरलं, तरच काही घडतं.

ही दारं बंद राहिली की शरीर आपसूक मुलीचं होतं, असं पूर्वी पुस्तकांत लिहिलेलं असे. आता आपल्याला माहीत आहे की बीजांडकोश घडण्यासाठीही काही जनुकांना नेटाने काम करावं लागतं. दोन्ही वाटा मेहनतीच्या आहेत.

पाणी वेगळं वळतं तेव्हा

आता यातलं एखादं दार उघडलं नाही, अर्धवट उघडलं किंवा भलत्याच बाजूने पाणी आलं, तर काय होईल?

*शेवटचं दार बंद.* गुणसूत्रं एक्सवाय आहेत, वृषण झाले, टेस्टोस्टेरॉनही भरपूर आहे. पण पेशींमधला ग्राही काम करत नाही. चारीत पाणी तुडुंब आहे आणि वाफ्याचं दारं फुटतच नाही. अशा बाळाचं बाह्य शरीर पूर्णपणे मुलीचं असतं. एएमएचने मात्र आपलं काम केलेलं असतं, त्यामुळे गर्भाशय नसतं. वयात येताना शरीर त्याच टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन बनवतं आणि स्तनांची वाढ होते. पाळी मात्र येत नाही. घरचे वाट बघतात, देवाला साकडं घालतात आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी डॉक्टरांकडे जातात. काहींचं निदान त्याआधी होतं: हर्नियाच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांना मुलीच्या जांघेत वृषण सापडतं. वैद्यकात या स्थितीला संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलता म्हणतात. स्त्री म्हणून जगणारी, स्वतःला स्त्रीच मानणारी ही व्यक्ती कधी गुणसूत्रांच्या तपासणीला सामोरी गेली, तर अहवालात काय येईल हे आता ओळखता येईल.

*शेजारच्या विहिरीचं पाणी.* इथे गुणसूत्रं एक्सएक्स असतात, बीजांडकोश आणि गर्भाशय व्यवस्थित असतात. पण मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमध्ये एका विकराची कमतरता असते. त्यामुळे कॉर्टिसॉल हे जगण्यासाठी आवश्यक संप्रेरक पुरेसं बनत नाही. मेंदू ग्रंथीला ‘बनव, अजून बनव’ असं टोचत राहतो. कच्चा माल साठतो आणि टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातल्या संप्रेरकांकडे वळतो. पाट बंदच आहे, पण बाजूच्या विहिरीचं पाणी वाफ्यात शिरलं. बाळाची शिश्निका मोठी दिसते, कधी घड्या जुळलेल्या असतात. या स्थितीला जन्मजात अ‍ॅड्रिनल अतिवृद्धी म्हणतात. तिचं नेहमीचं रूप साधारण पंधरा हजार जन्मांत एकदा आढळतं.

*आधी धार, मग लोंढा.* तिसरं दार, म्हणजे डीएचटी बनवणारा विकर, कमी पडला तर वृषण असलेलं बाळ जन्मतः मुलीसारखं दिसू शकतं. पौगंडात टेस्टोस्टेरॉनचा लोंढा येतो, आवाज फुटतो, स्नायू भरतात, शिश्न वाढतं. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशातल्या सालिनास गावात अशी अनेक मुलं होती. त्यांच्यावरचा शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. गावाला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. तिथे या मुलांसाठी स्वतंत्र नावसुद्धा होतं, आणि त्यांच्यातले बहुतेक जण पुढे पुरुष म्हणून जगले.

*मुळातच वेगळं पाणी.* गुणसूत्रांची जोडीच वेगळी असू शकते. एक्सएक्सवाय गुणसूत्रं साधारण पाचशे ते हजार पुरुषांत एकाची असतात. मूल होत नाही म्हणून तपासणी केली की अनेकांना ते प्रथम कळतं. एकच एक्स असलेल्या मुली अडीच हजारांत एक असतात. काहींच्या शरीरात निरनिराळ्या पेशींत निरनिराळी गुणसूत्रं असतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. लिंग म्हणजे गुणसूत्रं, ग्रंथी, आतले अवयव, बाहेरचे अवयव आणि संप्रेरकं या पाच गोष्टींची बेरीज आहे. बहुतेकांच्या शरीरात या पाचही गोष्टी एकाच बाजूच्या असतात, म्हणून आपल्याला ती एकच गोष्ट वाटते. इंटरसेक्स व्यक्तीच्या शरीरात त्या वेगवेगळ्या बाजूंच्या असतात.

अशी माणसं किती?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण कुणाला मोजायचं यावर मतभेद आहेत. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये मांडलेला आकडा आहे १.७ टक्के. त्यात गुणसूत्रांचे आणि संप्रेरकांचे सगळे लहानमोठे फरक धरलेले आहेत. डॉक्टर लेनर्ड सॅक्स यांनी २००२ मध्ये कडक व्याख्या लावली आणि त्यांचा आकडा आला ०.०१८ टक्के. जन्मताच बाळाकडे पाहून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही, असं साधारण साडेचार ते पाच हजार जन्मांत एकदा घडतं.

सर्वांत लहान आकडा धरला तरी भारताच्या लोकसंख्येत अशी अडीच लाखांच्या आसपास माणसं होतात. एखाद्या मध्यम शहराएवढी ही वस्ती आपल्याला दिसत नाही. याचं एक कारण असं की यातल्या अनेकांच्या अंगावर वेगळेपणाची कसलीच खूण नसते. दुसरं कारण असं की ज्यांच्या अंगावर ती असते त्यांचं वेगळेपण घरात दडपलं जातं.

इथे एक गल्लत टाळायला हवी. तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तीचा प्रश्न तिच्या मनातल्या ओळखीचा असतो: जन्माच्या वेळी लावलेलं लिंग तिला आपलं वाटत नाही. इंटरसेक्स ही शरीराच्या रचनेची गोष्ट आहे. अनेक इंटरसेक्स माणसं स्वतःला साध्या अर्थाने स्त्री किंवा पुरुष मानतात. काही जण तसं मानत नाहीत. कुणाबद्दल आकर्षण वाटतं, हा तर आणखी निराळा मुद्दा. हिजडा समाजातला प्रत्येक जण जन्मतः वेगळ्या शरीराचा असतो, ही आपल्याकडची जुनी समजूतही खरी नाही. तिच्यामुळेच असं बाळ जन्मलं की ‘ते लोक घेऊन जातील’ अशी भीती घरात शिरते, आणि भीती शिरली की आईबाप घाईने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात.

सुरी कुठून आली

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ जॉन मनी आणि सहकाऱ्यांनी एक सिद्धांत मांडला. पहिल्या दीड-दोन वर्षांत मुलाला जसं वाढवाल तसं त्याचं मन घडतं, असं ते म्हणत. त्यातून पद्धत आली: लवकरात लवकर लिंग ठरवा, शस्त्रक्रियेने शरीर त्या साच्यात बसवा, आणि मुलापाशी याची वाच्यता कधीही करू नका. पुरुषी अवयव घडवण्यापेक्षा स्त्रीचे घडवणं शल्यचिकित्सकांना सोपं जाई, म्हणून पुष्कळ बाळं मुली ठरवली गेली.

या सिद्धांताचा सर्वांत गाजलेला पुरावा होता कॅनडातला डेव्हिड रायमर. तो इंटरसेक्स नव्हता. १९६६ मध्ये सुंता करताना झालेल्या अपघातात त्याचं शिश्न नष्ट झालं. मनी यांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं, आणि हा प्रयोग यशस्वी झाल्याचं जगाला सांगितलं गेलं. पण त्या मुलाने ते कधी स्वीकारलंच नाही. चौदाव्या वर्षी सत्य कळल्यावर तो मुलगा म्हणून जगू लागला. मिल्टन डायमंड आणि कीथ सिग्मंडसन यांनी १९९७ मध्ये ही हकिगत उघड केली. २००४ मध्ये डेव्हिडने आत्महत्या केली. सिद्धांताचा पाया ढासळला, तरी शस्त्रक्रियांची रूढी रुग्णालयांत टिकून राहिली.

या शस्त्रक्रियांत काय होतं? शिश्निका कापून लहान केली जाते, योनीमार्ग तयार केला जातो, कधी निरोगी ग्रंथी काढून टाकल्या जातात. त्यातून पुढे संवेदना जाणं, व्रण, वारंवार शस्त्रक्रिया, लघवीच्या मार्गाचे त्रास, वंध्यत्व आणि जन्मभर बाहेरून संप्रेरकं घेण्याची वेळ, असे परिणाम होऊ शकतात. यापलीकडचा धोका असा की मोठेपणी त्या व्यक्तीला डॉक्टरांनी ठरवलेलं लिंग आपलं वाटेलच याची खात्री नसते. कापलेलं परत जोडता येत नाही.

आपल्याकडे यात मुलगाच हवा या हट्टाची भर पडते. मुलगी ठरली आणि तिला मूल होणार नसेल तर लग्नाचं काय, मुलगा ठरला तर निदान कमावून खाईल, असे हिशेब पाळण्याशेजारी मांडले जातात. बाळाच्या हिताच्या नावाखाली नातेवाइकांची सोय पाहिली जाते.

या मुलांतली काही मोठी झाली आणि बोलू लागली. शेरिल चेस यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरसेक्स सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका स्थापन केली. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर काही जण फलक घेऊन उभे राहिले. इंटरसेक्स लोकांचं ते अमेरिकेतलं पहिलं जाहीर आंदोलन. आता २६ ऑक्टोबर हा जगभर इंटरसेक्स जागरूकता दिन आहे. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन नवी मार्गदर्शक तत्त्वं लिहिली: अवयव कसा दिसतो यापेक्षा तो काम कसा करतो हे पाहा, पालकांना समुपदेशन द्या, अनेक शाखांच्या डॉक्टरांनी मिळून निर्णय घ्या. जुलै २०२०मध्ये शिकागोच्या ल्युरी बालरुग्णालयाने पूर्वी केलेल्या अशा शस्त्रक्रियांबद्दल जाहीर माफी मागितली.

उपचार कधी हवेतच

याचा अर्थ डॉक्टरांकडे जायचंच नाही, असा मुळीच नाही. काही स्थिती जिवावर बेतणाऱ्या असतात, आणि इथे नेमकेपणा महत्त्वाचा आहे.

अ‍ॅड्रिनल अतिवृद्धीच्या तीव्र प्रकारात बाळाच्या शरीरातून मीठ निघून जातं. जन्मानंतर एक ते तीन आठवड्यांत उलट्या होतात, बाळ मलूल पडतं, वजन घटतं आणि उपचार न मिळाल्यास दगावतं. यावर औषध आहे, ते गोळ्यांच्या रूपात मिळतं आणि जन्मभर घ्यावं लागतं. मुलींमध्ये बाह्य अवयवांवरून शंका तरी येते. मुलग्यांमध्ये बाहेर काहीच दिसत नाही, त्यामुळे निदान हुकतं. नवजात बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ही चाचणी करता येते. भारतात ती अजून सर्रास सगळ्या बाळांची होत नाही.

लघवीचा मार्ग अडलेला असेल तर शस्त्रक्रिया लागते. काही स्थितींमध्ये अर्धवट घडलेल्या ग्रंथींना कर्करोगाचा मोठा धोका असतो. तिथे त्या काढणं योग्य ठरतं. पण वर पाहिलेल्या संपूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलतेत हा धोका वयात येईपर्यंत फार कमी असतो. तिथे थांबता येतं, ग्रंथींवर लक्ष ठेवता येतं आणि पुढचा निर्णय त्या मुलीसोबत घेता येतो.

म्हणजे कसोटी सरळ आहे. आज हे केलं नाही तर बाळाच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका आहे का? असेल तर उशीर नको. धोका नसेल आणि कारण फक्त ‘नीट दिसावं’ एवढंच असेल, तर ज्याचं शरीर आहे त्याला बोलता येईपर्यंत थांबायला हवं. तोवर बाळाला मुलगा किंवा मुलगी म्हणून वाढवायला काहीच हरकत नाही. नाव ठेवायला आणि शाळेत घालायला शस्त्रक्रिया लागत नाही.

कायदा कुठवर आला

अशा अनावश्यक शस्त्रक्रियांवर बंदी घालणारा पहिला देश म्हणजे भूमध्य समुद्रातला चिमुकला माल्टा, वर्ष २०१५. पुढे पोर्तुगाल, आइसलँड, जर्मनी, ग्रीस आणि स्पेन यांनीही कमीअधिक कडक कायदे केले. ४ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने इंटरसेक्स व्यक्तींच्या हक्कांवरचा आपला पहिलावहिला ठराव मंजूर केला. बाजूने २४ मतं, विरोधात एकही नाही, तटस्थ २३.

भारतात पाऊल पडलं ते मदुराईत. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठासमोर मुळात एका विवाहनोंदणीचा खटला होता. वधू ट्रान्सजेंडर स्त्री होती आणि नोंदणी नाकारली गेली होती. न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी विवाह नोंदवायला सांगितला आणि त्याच निकालात इंटरसेक्स अर्भकांवरच्या शस्त्रक्रिया थांबवण्याचे निर्देश तामिळनाडू सरकारला दिले. मदुराईचे इंटरसेक्स कार्यकर्ते गोपी शंकर यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं केलेल्या कामाचा त्यामागे मोठा वाटा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये राज्याने तसा आदेश काढला: जिवाला धोका असेल तेव्हाच अपवाद.

केरळात सात वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी शस्त्रक्रियेची परवानगी मागितली. केरळ उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ती दिली नाही. मुलाच्या संमतीशिवाय असा निर्णय त्याच्या प्रतिष्ठेवर आणि खासगीपणावर घाला ठरेल, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आधी तज्ज्ञांच्या समितीने मुलाच्या जिवाला धोका आहे का ते तपासावं, असं न्यायालयाने सांगितलं. देशभर बंदी असावी ही गोपी शंकर यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली.

संसदेने २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. त्यात ‘इंटरसेक्स वैविध्य असलेली व्यक्ती’ अशी व्याख्या आली, पण ती ट्रान्सजेंडर या छत्राखाली. स्वतःला साधी स्त्री किंवा साधा पुरुष मानणाऱ्या इंटरसेक्स व्यक्तीला हे छत्र अडचणीचं वाटतं. बाळांवरच्या शस्त्रक्रियांबद्दल हा कायदा गप्प आहे.

दिसणं आणि उघडं पडणं

इंटरसेक्स माणसं आपल्याला दिसतात ती बहुधा चुकीच्या मार्गाने. डिसेंबर २००६, दोहाच्या आशियाई स्पर्धा. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या गरीब घरातली शांती सौंदराजन ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक जिंकते. काही दिवसांत ती ‘लिंगचाचणीत नापास’ झाल्याची बातमी देशभर पसरते. पदक काढून घेतलं जातं. आपल्या शरीराविषयीची ही माहिती तिच्याआधी जगाला मिळते. पुढे काही काळ तिला वीटभट्टीवर काम करावं लागलं.

ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळलं. तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या हिची लढाई २००९च्या बर्लिन जागतिक स्पर्धेपासून चालली. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तिला न्याय्य सुनावणी मिळाली नसल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी सक्तीची केली. या जनुकाच्या शोधात अग्रभागी असलेले शास्त्रज्ञ अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच त्यावर जाहीर टीका केली. पाटाचं गणित आठवलं तर त्यांचा मुद्दा कळेल: ही चाचणी फक्त पहिलं दार आहे की नाही ते सांगते, पुढची तीन दारं उघडली का हे सांगत नाही.

स्पर्धेत सगळ्यांना समान संधी असावी, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर प्रामाणिक वाद होऊ शकतो. पण कुणाच्या शरीराचा अहवाल वर्तमानपत्राच्या हाती देण्याला कोणताच खेळ कारण होऊ शकत नाही.

याउलट स्वतःच्या इच्छेने समोर येणं हीही एक गोष्ट आहे. बीड जिल्ह्यात महिला पोलीस शिपाई म्हणून रुजू झालेल्या एका कर्मचाऱ्याने पुरुष म्हणून जगण्यासाठी शस्त्रक्रियेची रजा मागितली. तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं. आधी नकार मिळाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१८ मध्ये सरकारने परवानगी दिली. इथेही शस्त्रक्रिया झाली, पण ती एका प्रौढ माणसाने स्वतः मागितलेली होती. केनियाने २०१९च्या जनगणनेत इंटरसेक्स हा वेगळा रकाना ठेवला आणि १,५२४ माणसांनी त्यात नाव नोंदवलं. आकडा लहान आहे, पण ती माणसं आपणहून मोजली गेली. आपल्या २०११च्या जनगणनेत ‘इतर’ या एकाच रकान्यात ४ लाख ८७ हजार ८०३ जण होते. त्यात इंटरसेक्स किती, हे कुणालाच सांगता येत नाही.

थोडक्यात

- लिंग पाच पातळ्यांवर घडतं: गुणसूत्रं, ग्रंथी, आतले अवयव, बाहेरचे अवयव, संप्रेरकं. सगळ्या पातळ्या एकाच बाजूच्या असतील असं नाही.
- इंटरसेक्स ही शरीराची रचना आहे. ट्रान्सजेंडर ही ओळख आहे. दोन्ही एकच नव्हेत.
- बाळ मीठ गमावत असेल, लघवी अडली असेल किंवा ग्रंथीला कर्करोगाचा मोठा धोका असेल, तर उपचार तातडीचे.
- केवळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया थांबू शकते. निर्णय त्या व्यक्तीचा.
- अहवाल रुग्णाचा असतो. तो नातेवाइकांचा, वरिष्ठांचा किंवा पत्रकारांचा नसतो.

आपण काय करायचं

घरात असं बाळ जन्मलं तर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करा. अ‍ॅड्रिनलची तपासणी करून घ्या, आणि संप्रेरकतज्ज्ञ, बालशल्यचिकित्सक व समुपदेशक एकत्र बसतील अशा मोठ्या रुग्णालयात जा. कुणी ‘लगेच ऑपरेशन करून टाकू’ म्हणालं तर विचारा: नाही केलं तर बाळाला काय होईल? उत्तर ‘लोक काय म्हणतील’ असं असेल, तर घरी या. मूल मोठं होत जाईल तसं त्याच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगत राहा. लपवलेलं एक दिवस कळतंच, आणि तेव्हा शरीरापेक्षा विश्वासाला अधिक इजा होते.

महाराष्ट्र शासनाला तामिळनाडूसारखा आदेश काढायला मोठा निधी लागत नाही. भरती मंडळांनी गुणसूत्रांच्या अहवालावर उमेदवार बाद करणं थांबवायला तर काहीच लागत नाही. पोलीस शिपायाने धावायचं असतं, कायदा जाणायचा असतो आणि लोकांशी नीट वागायचं असतं. यातल्या एकाही कामासाठी गर्भाशय लागत नाही.